तंबोरा बनवणाऱ्याचा रकाना कुठे आहे?

मिरजेच्या सतारमेकरांची गोष्ट आणि आपल्या घरातलं न मोजलेलं काम

शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत जवळपास प्रत्येक अर्जात एक ओळ असते : व्यवसाय. आपल्या बहुतेक घरांत ती ओळ फारसा विचार न करता भरली जाते. मजुरी. खासगी काम. किरकोळ धंदा. घरात माग चालत असो, जरीकाम होत असो की अब्बांच्या हाताखाली तंबोऱ्याची दांडी तासली जात असो, कागदावर ते सगळं एकाच शब्दात बसवलं जातं. आपणही म्हणतो, जाऊ दे, अर्ज भरला गेला ना?

पण हा एक शब्द पुढे बराच लांबचा प्रवास करतो. अर्जावरून तो सरकारी आकड्यांत जातो, आकड्यांवरून अहवालात आणि अहवालावरून योजनेत. जे काम पहिल्या पायरीवर हरवलं, ते शेवटच्या पायरीवर सापडत नाही. एखाद्या भागातली माणसं कुठल्या हुन्नरावर जगतात, तो धंदा तिथेच का वाढला आणि त्यातला पैसा कुणाच्या हातात राहतो, याचा अभ्यास प्रादेशिक अर्थशास्त्र करतं. ऐकायला हा विषय विद्यापीठातला वाटतो. खरं तर तो आपल्या गल्लीतला आहे. आज तो आपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून समजून घेऊया.

तलवारीकडून तारेकडे

मिरजेत सतार आणि तंबोरे बनवण्याची परंपरा सुमारे पावणेदोनशे वर्षांची मानली जाते. ती सुरू करणारी घराणी शिकलगारांची. तलवारी, भाले, कट्यारी घडवणं आणि त्यांना धार लावणं हे त्यांचं पिढीजात काम. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि या कामाला गिऱ्हाईक उरलं नाही.

त्याच काळात मिरज संस्थानात पटवर्धन राजांच्या आश्रयाने गाणारे-वाजवणारे येऊ लागले होते. त्यांची वाद्यं उत्तरेकडून आलेली असत. तुटली-फुटली तर दुरुस्त करणार कोण? मिरजेत अशी आठवण सांगतात, की हे काम फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हाती घेतलं. आधी दुरुस्ती, मग हुबेहूब नवं वाद्य आणि पुढे स्वतःची घडण. भावाला, मुलांना, नातलगांना त्यांनी हे काम शिकवलं. काही पिढ्यांत आडनावही बदललं. शिकलगारांचे सतारमेकर झाले.

या गोष्टीत चमत्कार काही नाही. धातू आणि लाकडावर बारीक काम करणारे हात आधीच होते. वाद्यांची गरज असलेले लोक गावात होते. पैसा लावणारा दरबार होता. कच्चा मालही फार लांब नव्हता. वाद्याला लागणारा जाड सालीचा मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतो आणि तुणाचं लाकूड कर्नाटकातल्या जंगलातून येतं. एखादा उद्योग एखाद्याच गावात का रुजतो याची उत्तरं शोधताना अभ्यासक याच गोष्टी तपासतात : हुन्नर, मागणी, भांडवल आणि कच्चा माल. मिरजेत चारही एका वेळी जुळून आल्या.

पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. किराणा घराण्याचे हे थोर गवई तंबोरा लावण्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. असा उस्ताद शेजारी राहतो तेव्हा कारागिराच्या कानाचीही तालीम होते. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं गेलं. त्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीत सभा होते आणि देशभरातले कलाकार तिथे हजेरी लावतात. गाणारा, वाद्य बनवणारा आणि ऐकणारा एकाच आवारात भेटतो. वाद्य घडवणाऱ्याला आपल्या कामाचा निकाल तिथल्या तिथे ऐकायला मिळतो.

गल्ली हाच कारखाना

एक तंबोरा कसा तयार होतो, ते थोडक्यात पाहू. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवतात, मग कापून आतला गर खरवडून काढतात आणि आकार देऊन पुन्हा सुकवतात. त्याला लाकडी गळा आणि पोकळ दांडी जोडली जाते. वरून तबली बसते. मग नक्षी. पूर्वी त्यासाठी हस्तिदंत वापरत. त्यावर कायद्याने बंदी आली आणि त्याची जागा प्लास्टिकने घेतली. लाखेचं पॉलिश होतं, खुंट्या बसतात, तारा चढतात. सर्वांत शेवटी येते जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसेने इतका बारीक घासायचा की तार तिला जेमतेम स्पर्श करत राहील. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नाद खुलवायचा. तंबोऱ्याचा जो भरलेला, घुमणारा आवाज आपण ऐकतो, तो त्या स्पर्शातून येतो.

जवारीचं माप कुठल्या पुस्तकात नाही. ती काढणाऱ्याला स्वर ऐकू यावा लागतो. म्हणूनच हे काम यायला वर्षं जातात आणि गल्लीत मोजक्याच हातांना त्याचा मान असतो.

हे सगळं एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो असंही नाही. कुणाचा हात भोपळ्यावर बसलेला असतो, कुणाचा नक्षीवर, कुणाचा पॉलिशवर. कामं वाटलेली असतात आणि गल्ली मिळून एक कारखाना चालतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशाच ठिकाणांचा विचार केला होता. इंग्लंडमधल्या शेफिल्डसारख्या गावात सुऱ्या-कात्र्यांचा धंदा का एकवटतो, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, धंदा एका जागी बराच काळ मुरला की त्याचं ज्ञान तिथल्या हवेतच भिनतं. मुलं ते न शिकवता उचलतात, अवजारं करणारे आणि माल पुरवणारे शेजारीच वाढतात आणि एकाची युक्ती दुसऱ्याच्या कामी येते. आजच्या सरकारी भाषेत याला 'क्लस्टर' म्हणतात. आपण त्याला मोहल्ला म्हणतो.

कारागीर म्हणून, कलाकार म्हणून की मजूर म्हणून?

१९९८ मध्ये ब्रिटनच्या सरकारने आपल्या 'सर्जनशील उद्योगां'ची पहिली मोठी मोजदाद केली. जाहिरात, वास्तुकला, चित्रपट, संगीत, प्रकाशन, संगणकप्रणाली अशी तेरा क्षेत्रं त्यात होती आणि हस्तकलाही होती. कल्पना आणि कौशल्य यांतून संपत्ती आणि रोजगार निर्माण होतो, तर मग त्याचा हिशेब का ठेवू नये, हा त्यामागचा विचार. त्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास सुरू झाले. भारतातही होतात. महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजाच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास करणारे टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्राध्यापक अब्दुल शाबान यांनी भारतातल्या सर्जनशील उद्योगांवरच्या ग्रंथाचं सहसंपादन केलं आहे.

पण असा अभ्यास करायचा तर आकडे हवेत. अडचण इथेच आहे.

देशातल्या कारखान्यांची दरवर्षी जी मोठी पाहणी होते, तिच्या कक्षेत साधारणपणे वीज वापरणारे आणि दहा किंवा अधिक कामगार असलेले कारखाने येतात. वीज नसेल तर वीस कामगार लागतात. चार माणसांची सतारमेकरांची खोली त्यात बसत नाही. छोट्या, नोंदणी नसलेल्या उद्योगांची वेगळी पाहणी होते, पण ती नमुना पाहणी असते. म्हणजे काही घरं निवडून साऱ्या देशाचा अंदाज बांधायचा. एका गावातल्या दोन-तीन गल्ल्यांचा हुन्नर अशा चाळणीतून सहज गळून जातो.

आपल्या समाजाच्या बाबतीत हे गळणं मोठं आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात दिसलं की काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारावर जगतात आणि हे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. घरात बसून कामं करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचं प्रमाणही या अहवालाने ठळकपणे मांडलं. महाराष्ट्रात २००८ मध्ये नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालातही राज्यातल्या मुस्लिमांच्या रोजगाराचा प्रश्न केंद्रस्थानी होता. नोकरीत नाही आणि मोठ्या कारखान्यातही नाही, असा समाज जगतो तो स्वतःच्या हातांवर. त्या हातांना काय येतं याचीच नोंद नसेल, तर त्यांच्यासाठी योजना कशी आखणार?

एक उदाहरण घ्या. पारंपरिक कारागिरांसाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, चर्मकार, न्हावी, बाहुल्या-खेळणी बनवणारे, मासेमारीची जाळी विणणारे. शस्त्रं-चिलखतं बनवणारेही आहेत. वाद्य बनवणाऱ्यांचा मात्र वेगळा रकाना नाही.

जरा विचार करा. फरीदसाहेबांनी जे शिकलगारीचं काम सोडलं, ते यादीत आहे. त्यांनी जे उभं केलं, ते नाही. सतारमेकराला योजनेत यायचं तर त्याला सुतार म्हणवून घ्यावं लागेल. त्यात कमीपणा काहीच नाही. लाकूडकाम तो करतोच. पण मग सरकारच्या दप्तरात एक सुतार वाढतो आणि एक सतारमेकर कमी होतो. दहा वर्षांनी कुणी विचारलं, 'मिरजेत वाद्यं बनवणारे किती?' तर कागद सांगेल, फारसे नाहीत.

जीआय मिळालं, पुढे काय?

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. गावाला आनंद झाला आणि व्हायलाच हवा. पण जीआय म्हणजे नेमकं काय, याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे.

१९९९ चा हा कायदा २००३ पासून लागू झाला. एखाद्या वस्तूचा गुण तिच्या गावाशी बांधलेला असेल, तर त्या गावाचं नाव इतरांना त्या वस्तूवर वापरता येऊ नये, एवढं संरक्षण तो देतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जीआय एखाद्या संस्थेच्या नावावर नोंदलं जातं, पण ते वापरण्याचा हक्क मिळवायला प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. गावाला जीआय मिळालं म्हणून आपल्याला आपोआप मिळालं, असं होत नाही. अनेक ठिकाणी नेमकं इथेच घोडं अडतं. सत्कार होतो, फोटो निघतो आणि अर्ज राहून जातो.

जीआय असूनही काय होऊ शकतं, ते कोल्हापुरी चपलेने दाखवलं. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, त्यात सांगली जिल्हाही आहे. तरी जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच दिसणाऱ्या चपला मांडल्या आणि मुळात कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून आल्याचं मान्य केलं. धडा सरळ आहे. कागदावरचा हक्क तेव्हाच चालतो, जेव्हा त्याच्यामागे संघटित आणि नोंदलेले कारागीर उभे असतात.

वाद्याच्या किमतीतही हाच प्रश्न आहे. तंबोरा मिरजेत तयार होतो, पण अनेकदा विकला जातो मोठ्या शहरातल्या दुकानातून. गिऱ्हाइकाला दुकानाचं नाव माहीत असतं. ज्याने जवारी काढली त्याचं नसतं. भोपळा पिकवणारा शेतकरी, घडवणारा कारागीर, वाहतूकदार, दुकानदार आणि शेवटी गायक अशी ही साखळी आहे. कुठल्या कडीला किती मिळतं, हे अभ्यासाशिवाय कळत नाही आणि कळल्याशिवाय भाव मागता येत नाही. दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाईलवरचं ॲप आलं. रियाजाला ते चालतं. त्यामुळे नव्या वाद्याचं गिऱ्हाईक कमी झालं, तर घरातल्या मुलाला या कामात थांब म्हणायचं कुठल्या तोंडाने, हा प्रश्न गल्लीत खरा आहे.

मालेगाव आणि औरंगाबादही हेच सांगतात

मिरज एकटी नाही. औरंगाबादचा हिमरू घ्या. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचं हे देखणं कापड. त्याची कहाणी तुघलकाने राजधानी दौलताबादेत हलवली त्या काळापर्यंत नेली जाते. यंत्रमागावरचं स्वस्त कापड त्याच नावाने विकलं जाऊ लागलं आणि हातमागावर हिमरू विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले.

मालेगावची गोष्ट उलटी. ते यंत्रमागांचं शहर. शुक्रवारी माग बंद, म्हणून सुट्टी आणि सुट्टी म्हणून सिनेमा. या सिनेमावेडातून तिथल्या पोरांनी स्वतःचे चित्रपट काढले. नासिर शेख यांचा 'मालेगाव के शोले' गाजला. पुढे फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. जगाने मालेगावच्या कल्पकतेला दाद दिली. पण संकलन, ध्वनी, लेखन शिकवणारी व्यवस्था मालेगावातच उभी राहिली का, हा प्रश्न विचारायला हवा. कौतुक बाहेरून येतं. रोजगार मात्र गावातच उभा करावा लागतो.

आपण काय करू शकतो?

सगळं सरकारवर सोडून चालणार नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

१. कामाचं नाव नीट सांगा. येत्या जनगणनेत माणसागणिक होणारी नोंद फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेली आहे. गणक दारात येईल आणि विचारेल, काय काम करता? तेव्हा 'मजुरी' म्हणू नका. 'सतार-तंबोरे बनवतो', 'हातमागावर हिमरू विणतो', 'जरीकाम करतो' असं पूर्ण सांगा.

२. बायकांचं काम लपवू नका. कपड्यांवर मणी-टिकल्या लावणं, घरी शिवण, वाद्याच्या कामात हातभार, हे सगळं काम आहे. 'ती काय, घरीच असते' हे वाक्य घरातली अर्धी मेहनत पुसून टाकतं. अम्मीला, भाभीला स्वतः उत्तर देऊ द्या.

३. उद्यम नोंदणी करा आणि संकेतांक बघून निवडा. ही नोंदणी मोफत आहे; कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटी क्रमांक नसलेल्या अगदी छोट्या उद्योगांसाठी 'उद्यम असिस्ट'ची सोय आहे. उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात वाद्यनिर्मितीला ३२२० हा स्वतंत्र संकेतांक आहे. एजंट घाईत 'फर्निचर' किंवा 'किरकोळ विक्री' टाकतो. तिथे त्याला थांबवा. यादीत रकाना असूनही आपणच रिकामा सोडला, असं व्हायला नको.

४. जीआयचा अधिकृत वापरकर्ता व्हा. एकट्याला कागदपत्रं जड जातात. गल्लीतल्या दहा जणांनी एकत्र अर्ज केले तर काम सोपं होतं.

५. योजनेतलं मिळतं ते घ्या. विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. हे दोन्ही कर्ज नव्हे. आज सुतार म्हणून नाव नोंदवा, पण सोबत वाद्य कारागिरांचा वेगळा समावेश व्हावा म्हणून लोकप्रतिनिधींना निवेदनही द्या.

६. मुलांच्या हातात वही द्या. कॉलेजात प्रकल्प करायचाच असतो. मग अर्थशास्त्राच्या, वाणिज्यच्या मुलामुलींनी आपल्याच मोहल्ल्याची पाहणी करावी. किती घरं या कामात आहेत, कच्चा माल कुठून येतो, वर्षातले किती महिने काम असतं, पुढची पिढी शिकते आहे का. चार साधे प्रश्न, एक वही. उस्तादांच्या तोंडून जवारीची पद्धत मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांच्यासोबत ती जाऊ नये.

असा कागद हातात असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात बोलण्याची रीतच बदलते. 'साहेब, आमच्यासाठी काहीतरी करा' याऐवजी 'आमच्या भागात इतकी घरं हे काम करतात, यांना लाकडाचा साठा एकत्र घ्यायचा आहे, त्यासाठी ही मागणी' असं म्हणता येतं. पहिल्या वाक्याला सहानुभूती मिळते. दुसऱ्यासाठी फाईल उघडावी लागते.

शिकलगारांच्या घरात तलवारीचं काम संपलं तेव्हा त्यांच्यासमोर कुठली योजना नव्हती. हातातला हुन्नर होता आणि गावात आलेल्या गाण्याची गरज ओळखण्याची नजर होती. त्यावर त्यांनी पुढच्या कित्येक पिढ्यांची रोजी-रोटी उभी केली आणि देशभरातल्या मैफलींत मिरजेचे तंबोरे गायकांच्या मागे झंकारू लागले. आज वेळ पुन्हा तशीच आहे. फरक एवढाच की आता हुन्नराइतकीच त्याची नोंदही लागते.

पुढच्या वेळी अर्जातली ती ओळ समोर आली, की एक क्षण थांबा. अब्बा काय करतात ते त्यांनाच विचारा. आणि ते जे सांगतील ते पूर्ण लिहा.